जपानमधली गरम झऱ्यांची गावं आणि खेडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला निघालेल्या ओळखीच्यांना फोनवर दिलेली उत्तरं एकदाची एका जागी लिहून ठेवते आहे. टोकियो, क्योटो आणि बुलेट ट्रेनबद्दल सगळीकडे सापडतं. इथे फक्त डोंगरातली गावं.

ओनसेन म्हणजे काय? आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांसारखंच ना?

जात तीच, घराणं वेगळं. ओनसेन म्हणजे जमिनीतून येणारा गरम झरा, आणि त्याच्याभोवती वसलेल्या गावालाही ओनसेनच म्हणतात. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे ही आपली कुंडं सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या खोल भेगांमधून वर येणाऱ्या पाण्याची. खाली ज्वालामुखी नाही. जपानमध्ये पुष्कळ ठिकाणी जमिनीखाली ज्वालामुखीची धग अजून जिवंत आहे, त्यामुळे देशभर २७ हजारांच्या आसपास उगम आहेत आणि दर दोन डोंगरांआड पाण्याचा रंग, वास बदलतो.

तिथे यासाठी १९४८ सालचा कायदासुद्धा आहे. उगमापाशी पाणी २५ अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम हवं, नाहीतर ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा ठरलेल्या प्रमाणात हवा. या हिशेबाने विदर्भातल्या कितीतरी बोअरवेल ओनसेन ठरतील, पण ते असो.

खरंच सगळे कपडे काढून उतरावं लागतं?

हो. हा प्रश्न नेहमी सगळ्यात शेवटी आणि आवाज खाली आणून विचारला जातो, म्हणून इथे वर घेतला.

पोहण्याचा पोशाख चालत नाही, टॉवेल गुंडाळून चालत नाही. पुरुषांचं आणि बायकांचं स्नानगृह वेगळं असतं. माझी आई पहिल्या संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीतूनच परत फिरली. "अगं, वज्रेश्वरीला आम्ही लुगड्यासकट उतरायचो," एवढंच म्हणाली आणि खोलीत जाऊन चहा पीत बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मला न उठवता एकटीच गेली. आत एक जपानी आजी होत्या. त्यांनी आईकडे न बघताच एक बुटकं लाकडी स्टूल पुढे सरकवलं, बादलीकडे बोट केलं आणि आपली पाठ घासत राहिल्या. आई परत आली ती केस पुसत. "कुणी बघतसुद्धा नाही गं!" त्यानंतर दिवसाला तीन फेऱ्या.

लाज पाच मिनिटं असते. ती पाच मिनिटं जमणारच नसतील तर पुढचा प्रश्न बघा.

नवरा-बायकोला किंवा सगळ्या कुटुंबाला एकत्र स्नान करता येतं का?

येतं. 'काशिकिरी' म्हणजे तासाभरासाठी फक्त तुमच्यासाठी राखून ठेवलेली न्हाणी. काही ठिकाणी मुक्कामाच्या पैशांतच मिळते, काही ठिकाणी वेगळे पैसे. पोहोचल्या पोहोचल्या काउंटरवर वेळ लिहून घ्यायची, कारण संध्याकाळच्या वेळा आधी संपतात. खोलीलाच जोडलेलं उघडं कुंड असलेल्या खोल्याही मिळतात. महाग असतात, पण लाजाळू मंडळींसाठी पैसे वसूल.

'कोन्योकु' म्हणजे स्त्री-पुरुष एकत्र. ही जुनी पद्धत अजून थोड्या ठिकाणी टिकून आहे. पहिल्या फेरीत तिच्या वाटेला जायची गरज नाही.

पाण्यात उतरायची पद्धत काय?

एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी भागतं: अंग कुंडाबाहेर धुवायचं, कुंड फक्त बसण्यासाठी. भिंतीला नळ, स्टूल, बादली, साबण असतं. बसून साबण लावून नीट धुवायचं, साबणाचा थेंबही अंगावर ठेवायचा नाही, आपली जागा खंगाळून द्यायची आणि मग उतरायचं. उभं राहून शॉवर घेतला की शेजारच्यावर शिंतोडे उडतात, म्हणून बसून. लांब केस वर बांधायचे. हातातला छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा. डुबकी नाही, पोहणं नाही, फोन तर अजिबात नाही.

पाणी साधारण ४० ते ४२ अंशांचं असतं, कुसात्सू या गावासारख्या ठिकाणी त्याहून कडक. पहिल्या वेळी पाच-सात मिनिटं पुरे. बाहेर येताना साध्या पाण्याने धुवायचं की नाही यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत. त्वचा नाजूक असेल तर आम्लधर्मी पाण्यानंतर धुवाच.

दारावरच्या पडद्यावर सगळं जपानीत लिहिलेलं असतं. बायकांचं कुठलं, पुरुषांचं कुठलं?

बहुतेक ठिकाणी पुरुषांचा पडदा निळा, बायकांचा लाल. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, अक्षर ओळखा. पुरुषाच्या अक्षरात वरती चार वाफे पाडलेल्या शेतासारखा चौकोन असतो. ज्यात असा चौकोन नाही, ते बायकांचं. आणखी एक खोच म्हणजे पुष्कळ पारंपरिक जपानी अतिथिगृहांत, म्हणजे र्‍योकानमध्ये रात्री किंवा सकाळी दोन्ही बाजूंची अदलाबदल होते, म्हणजे पाहुण्यांना दोन्ही कुंडांचा आनंद मिळावा. काल संध्याकाळी डावीकडे गेलात म्हणून आज पहाटे झोपेत डावीकडे शिरू नका.

मंगळसूत्र, जोडवी, पैंजण काढायचे का?

काढा. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, आणि सावकाश नाही, एका स्नानात. माझी जोडवी कोळशासारखी झाली होती. सोन्याच्या दागिन्यांतही तांबं-चांदी मिसळलेली असते, तेव्हा मंगळसूत्रही खोलीतल्या तिजोरीत ठेवलेलं बरं. काळी पडलेली चांदी सोनाराकडे पुन्हा उजळते, पण जपानमध्ये सोनार शोधत कुठे हिंडणार?

अंगावर गोंदण आहे. आत घेतात का?

जपानमध्ये टॅटूचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जातो, त्यामुळे ही अडचण खरी आहे. तिथल्या पर्यटन खात्याने २०१५ साली हॉटेलं आणि र्‍योकानांकडे चौकशी केली होती, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ५६ टक्क्यांनी टॅटू असलेल्यांना मज्जाव असल्याचं सांगितलं. आजीच्या हनुवटीवरचे तीन ठिपके किंवा मनगटावरची तुळस पाहून कुणी अडवेल असं मला वाटत नाही, पण खात्री हवी तर आधी विचारा. दंडभर ड्रॅगन असेल तर किनोसाकी गाठा (या गावाबद्दल पुढे आहे). तिथल्या सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो. छोट्या टॅटूवर चिकटवायच्या त्वचेच्या रंगाच्या पट्ट्या मिळतात.

रक्तदाब, गरोदरपण, पाळी, लहान मुलं?

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. थंडीत कपडे बदलायची खोली गार आणि पाणी कडक, या फरकानेच वयस्कांना घेरी येते. उतरण्याआधी पायांपासून वर अंगावर गरम पाणी ओतून घ्यायचं, नंतर पाणी प्यायचं, आणि जेवणाबरोबर साके (तांदळाची दारू) घेतली असेल तर त्या रात्रीचं स्नान सोडून द्यायचं.

गरोदर स्त्रियांनी उतरू नये अशी सूचना पूर्वी जागोजागी लावलेली असायची. २०१४ साली ती सरकारी यादीतून काढली. फरशी मात्र निसरडी असते. पाळीच्या दिवसांत सार्वजनिक कुंडात उतरत नाहीत. डायपरमधल्या बाळांना बहुतेक ठिकाणी मनाई. मुलगा सात वर्षांचा झाला की त्याने बाबांबरोबर जायचं.

पहिल्यांदाच जातोय. कुठलं गाव निवडू?

मला एकच नाव सांगायला लावलंत तर किनोसाकी. ओसाका किंवा क्योटोहून थेट एक्सप्रेस गाडी, अडीच-पावणेतीन तास, आणि स्टेशनातून बाहेर पडलात की गावात. नदीच्या दोन्ही काठांना विलो झाडं, दगडी पूल आणि सात सार्वजनिक स्नानगृहं. १९२५ च्या भूकंपात आणि आगीत हे गाव जवळजवळ पूर्ण गेलं आणि पुन्हा उभं राहिलं. तिथले लोक म्हणतात, सगळं गाव म्हणजे एकच र्‍योकान: स्टेशन हे दार, रस्ते हे बोळ, घरं या खोल्या आणि ही स्नानगृहं म्हणजे न्हाण्या. कुठल्याही र्‍योकानमध्ये उतरलात तरी या स्नानगृहांचा पास मिळतो. संध्याकाळी सगळं गाव सुती युकाता (हलका किमोनो) घालून, लाकडी गेता (खडावा) खटखटवत एका न्हाणीतून दुसरीकडे चाललेलं असतं. तो आवाज ऐकायला रात्री आठ वाजता पुलावर उभं राहा. स्नानगृहांच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या असतात, त्या बघून घ्या.

टोकियोहून जायचं तर कुसात्सू. गावाच्या मधोमध 'युबाताके' आहे, शब्दशः गरम पाण्याचं शेत. वाफाळतं पाणी लाकडी पन्हळींतून वाहत गार होतं आणि मागे गंधकाचा पिवळसर साका उरतो. पाणी इतकं आम्ल की सामू २ च्या जवळपास, म्हणजे जवळजवळ लिंबाचा रस. विसाण घातलं तर गुण जाईल म्हणून सहा-सहा फुटी फळ्यांनी ते ढवळून गार करतात. त्याला 'युमोमी' म्हणतात, गाणं म्हणत चालतं, बघण्यासारखं असतं. गावकऱ्यांची दोन-तीन छोटी स्नानगृहं पाहुण्यांना फुकट खुली आहेत. साबण नाही, नळ नाही, नुसतं लाकूड आणि पाणी. मला तीच सगळ्यात आवडली. गावात रेल्वे जात नाही, शेवटचा टप्पा बसचा.

दक्षिणेच्या क्यूशू बेटाकडे जाणार असाल तर कुरोकावा. नदीकाठच्या घळीत दाटीने र्‍योकान, आणि १९८६ पासून चालू असलेली लाकडी चकतीची पद्धत: एक चकती घ्यायची, तिच्यावर कुठल्याही तीन र्‍योकानांच्या उघड्या कुंडांत उतरायचं. त्याच बाजूचं बेप्पू म्हणजे गाव नव्हे, चांगलं मोठं शहर, पण एका शहरात एवढे उगम जपानमध्ये दुसरीकडे नाहीत. गटारांच्या झाकणांतूनसुद्धा वाफ येते. कान्नावा भागात जमिनीतून येणाऱ्या वाफेवर रताळी, कणसं, कोबी, अंडी शिजवून घेता येतात. शाकाहाऱ्याला पोटभर जेवण मिळण्याची अशी जागा विरळाच.

हाकोने टोकियोहून दीड तासावर, सोयीचं आणि गर्दीचं. एका दिवसात उरकायचं असेल तरच.

ते बर्फातलं, दिव्यांचं, लाकडी घरांचं गाव कुठलं?

यामागाता प्रांतातलं गिंझान. नावाचा अर्थ चांदीचा डोंगर, कारण आधी इथे चांदीची खाण होती. एक ओढा, दोन्ही काठांना शंभर वर्षांपूर्वीच्या धाटणीची तीन-चार मजली लाकडी र्‍योकान, संध्याकाळी पिवळे दिवे. एवढंच गाव आहे, पाच मिनिटांत संपतं. तुमच्याप्रमाणेच हजारोंनी तो फोटो पाहिला आहे. गर्दी इतकी झाली की २०२४-२५ च्या हिवाळ्यापासून संध्याकाळी मुक्कामी नसलेल्यांच्या प्रवेशावर बंधनं आली. म्हणजे ज्या वेळेच्या फोटोसाठी जायचं, नेमक्या त्या वेळी मुक्कामाशिवाय जाणं कठीण. खोल्या फार आधी भरतात. नाही मिळाली तर हळहळू नका. अकिता प्रांतातल्या न्यूतोला जा: बर्फ तसाच, पाणी दुधासारखं पांढरं, माणसं कमी.

र्‍योकान एवढं महाग का?

कारण भाव खोलीचा नसून माणशी असतो, आणि त्यात दोन जेवणं धरलेली असतात. माणशी १५ ते ३० हजार येन हा मधला भाव, वर साधारण १५० येन स्नानकर. दुपारी तीनला पोहोचायचं, सहा-साडेसहाला जेवण, आणि तुम्ही जेवताय तोवर खोलीत गाद्या घातलेल्या. रात्री नऊला पोहोचून 'काहीतरी गरम द्या' हे तिथे चालत नाही. आपल्या सहलवाल्यांचं वेळापत्रक नेमकं इथे फसतं. संध्याकाळी सातपर्यंत पॉइंट दाखवत हिंडवतात आणि ज्याचे पैसे मोजले ते स्नान, ते जेवण धावतपळत.

पैसे वाचवायचे तर 'सुदोमारी' म्हणजे बिनजेवणाचा मुक्काम मागा. युकाता नेसताना डावी बाजू वर. उजवी वर घेतात ती मृतांना.

आम्ही शाकाहारी आहोत. काय खाणार?

खरं सांगते, अवघड आहे. मासा दिसत नाही तिथेही असतो. 'दाशी' नावाचं जे सार सगळ्या स्वयंपाकाचा पाया आहे, ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचं. मिसो सूप, शिजवलेली भाजी, नूडल्सचा रस्सा, सगळ्यात. 'मांस खात नाही' असं सांगितलंत तर मासा येईल, 'मासा खात नाही' सांगितलंत तर दाशी येईल. म्हणून बुकिंग करतानाच लेखी कळवायचं: मांस नको, मासे नको, माशाची दाशी नको, अंडं चालतं की नाही. छोटं र्‍योकान 'जमणार नाही' म्हणेल. ते उत्तर चांगलं समजा. आदल्या दिवशी कळवलंत तर बिचारा स्वयंपाकी कानकोंडा होतो आणि तुमच्यापुढे भात आणि लोणचं येतं.

व्यवहारात मी असं करते: दोन रात्री बिनजेवणाचा मुक्काम, जवळ मेतकूट, तीळकूट, सुकी चटणी, गरम पाणी घातलं की तयार होणारं उपीट. खोलीत किटली असतेच. साधा भात दुकानात मिळतो, टोफू मिळतो. ताजी फळं, कढीपत्ता आणि कसलंही मांस भारतातून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

आणि एक रात्र तरी कोयासानला.

कोयासान काय आहे?

वाकायामा प्रांतात, ओसाकाच्या दक्षिणेला, सुमारे ८०० मीटर उंचीवरचं मठांचं गाव. नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने इथे शिंगोन या बौद्ध पंथाचं केंद्र उभारलं. शंभरावर मठ आहेत आणि त्यांतल्या पन्नासेक मठांत मुक्काम करता येतो. जेवण 'शोजिन र्‍योरी': मांस-मासे नाहीत, दाशी कोंबू शेवाळाची आणि शिताके अळंब्यांची, कांदा-लसूणही नाही. घरात जैन पद्धतीचं खाणारं कुणी असेल तर सगळ्या जपानमध्ये निर्धास्त जेवायची हीच जागा, फक्त कंदमुळांचं आणि अळंब्यांचं आधी सांगा. तिळाचा टोफू चुकवू नका.

पहाटे प्रार्थना असते. मांडी घालून बसा, कान देऊन ऐका. जपानी उच्चारांआडून संस्कृत मंत्र ओळखू येतो आणि अंगावर काटा येतो. ओकुनोइनच्या स्मशानात उंच सुगी वृक्षांखाली दोन लाखांवर समाध्या आहेत, कित्येकांवर सिद्धम् लिपीतली अक्षरं कोरलेली. नागरीची चुलत बहीणच ती. इथल्याच विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. महाराष्ट्र सरकारने भेट दिलेला, सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे (आणि आताचे) मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते अनावरण झालं.

मठात न्हाणी असते, झरा बहुधा नसतो. तो हवा तर तिथून दक्षिणेला युनोमिने. तिथलं 'त्सुबोयु' म्हणजे ओढ्याकाठी लाकडी खोपटातलं, जेमतेम दोन माणसांचं कुंड. कुमानोच्या जुन्या यात्रामार्गाबरोबर ते जागतिक वारशात आहे आणि तरीही अर्ध्या तासासाठी तुम्हाला भाड्याने मिळतं.

झरे नकोत, नुसती जुनी खेडी बघायची आहेत.

शिराकावा-गो सगळ्यांना माहीत असतं. तिथल्या घरांच्या धाटणीला 'गाश्शो' म्हणतात, म्हणजे नमस्काराला जोडलेले हात. गवताचं छप्पर ६० अंशांच्या आसपास उभट, बर्फ घसरून पडावा म्हणून. माळ्यावर रेशमाचे किडे पाळायचे. तीस-चाळीस वर्षांनी छप्पर नव्याने शाकारायचं आणि त्याला सगळं गाव हाताखाली यायचं. १९९५ पासून जागतिक वारसा. दुपारी बारा ते तीन ही वेळ टाळा, बसमागून बस रिकामी होत असते. एखाद्या घरात मुक्काम मिळाला तर पाचनंतर गाव गावकऱ्यांचं होतं.

मला अधिक जवळचं वाटतं ते किसो खोऱ्यातलं त्सुमागो. जुन्या नाकासेन्दो मार्गावरचा हा मुक्काम रेल्वे आल्यावर ओस पडला होता. १९७१ साली गावकऱ्यांनी ठरवलं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. आज मुख्य गल्लीत विजेच्या तारा दिसत नाहीत आणि दिवसा गाड्या येत नाहीत. मागोमे ते त्सुमागो ही आठ किलोमीटरची पायवाट अडीच-तीन तासांत होते. वाटेत अस्वलांसाठी घंटा टांगल्या आहेत, प्रत्येक घंटा जोरात वाजवत जायचं. शाळेच्या सहलीची मुलं हे काम फार मनापासून करतात.

कधी जावं?

पानांचे रंग ऑक्टोबर-नोव्हेंबर, बर्फ जानेवारी-फेब्रुवारी. एप्रिलअखेर ते मेची ५-६ तारीख, ऑगस्टचा मध्य आणि नवीन वर्ष या दिवसांत अख्खा जपान सुट्टीवर असतो, तेव्हा नको. आपली मेची शाळेची सुट्टी असेल तर १० मेनंतर निघा.

रेल्वे पास घेऊ का? गाडी चालवता येईल का?

देशभराचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून थेट ५०,००० झाला. एक-दोन गावांसाठी तो परवडत नाही. शिवाय शिराकावा-गो आणि कुरोकावाला रेल्वेच नाही.

खेड्यातली बस अशी: बहुधा मागच्या दाराने चढायचं, यंत्रातून आकडा छापलेली चिठ्ठी ओढायची, पुढच्या फलकावर त्या आकड्याखाली भाडं वाढत जाताना बघायचं आणि उतरताना चालकाजवळच्या पेटीत चिठ्ठी आणि सुटे टाकायचे. शेवटची बस दुपारी चारची असू शकते. रोख जवळ ठेवा.

आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो, आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने. बर्फात मात्र घाटात गाडी नको.

मोठ्या बॅगा घेऊन डोंगरात कसं जायचं?

नेऊच नका. हॉटेलच्या काउंटरवर 'ताक्युबिन' म्हणा, फॉर्म भरा, बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरातल्या हॉटेलवर पोहोचते. तुम्ही पाठीवरची सॅक घेऊन निघा.

दहा दिवसांत किती गावं होतील?

दोन. प्रत्येकी दोन रात्री.

टिप किती द्यायची?

देऊ नका. ठेवून आलात तर 'आपले पैसे राहिले' म्हणून बसस्टॉपपर्यंत धावत येतात.